काजूच्या दिवसांत घराशी गवा आणि अस्वल: काय करायचे, काय टाळायचे

सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण. गोव्यातल्या या तालुक्यांत ज्यांचे घर कुळागराला (पाटाच्या पाण्यावरच्या सुपारीच्या बागेला) किंवा काजूच्या बागेला लागून आहे, त्यांनी फेब्रुवारी ते मे या काळात गवा आणि अस्वल दाराशी येणार हे धरूनच चालावे. काजू पिकतो तेव्हाच रानातले ओहोळ आटतात, आणि कुळागरात मात्र पाट वाहत असतो. बोंडूचा (काजूच्या फळाचा) वास आणि पाणी एकाच जागी मिळाल्यावर जनावर दुसरीकडे कशाला जाईल? म्हणून आधी वास बंद करा, मग कुंपणाचा विचार करा. उलट क्रमाने केले तर पैसे जातात आणि जनावर येतच राहते.

बी काढल्यावर बोंडू झाडाखाली टाकून देण्याची सवय सगळ्यात महाग पडते. उन्हात ते लगेच आंबतात आणि तो वास अस्वलाला फार दुरून लागतो. त्याला दिसते कमी, पण नाक तीक्ष्ण. गोळा केलेले बोंडू त्याच दिवशी भाटीवर (काजूच्या दारूच्या भट्टीवर) न्या. वापरायचे नसतील तर घरापासून किमान पन्नास मीटरवर दोन फूट खोल खड्डा काढा, दर संध्याकाळी बोंडू त्यात टाका आणि वर वीतभर माती ओढा. पालापाचोळा पुरत नाही, अस्वल तो एका पंजाने बाजूला सारते. निरो (बोंडूचा रस) काढून उरलेला चोथाही त्याच खड्ड्यात. फणस घराजवळ असेल तर पिकण्याआधीच भाजीसाठी उतरवा, कारण अस्वल झाडावर सहज चढते. मधमाश्यांच्या पेट्या असतील तर त्या उंच मांडून उपयोग नाही, त्या झटक्याच्या तारेच्या कुंपणाआतच हव्यात.

कोण येऊन गेले ते मातीवर वाचता येते. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो. पुढच्या पंजाच्या ठशात बोटांपासून बरेच पुढे नखांच्या खुणा उमटतात. रोयण (वाळवीचे वारूळ) फोडून भोक पाडलेले असेल तर तेही त्याचेच काम, वाळवी ओढून खाण्यासाठी. गव्याचा खूर गुरासारखाच दुभंगलेला, पण बराच मोठा. ठसे ताजे असतील तर त्या दिवशी त्या बाजूची बी गोळा करू नका.

पहाटे अंधारात बागेत शिरण्याची रीत जुनी आहे, पण अस्वलाशी गाठ पडण्याची वेळही तीच. चांगले उजाडू द्या, दोघे मिळून जा, मोठ्याने बोलत राहा, काठी आपटत चला. अस्वल बहुतेक वेळा दचकून अंगावर येते. समोर दिसलेच तर पळू नका, ते माणसापेक्षा वेगाने धावते. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरा. पिल्ले दिसली तर लगेच मागे फिरा, आई जवळच असते. अंगावर आलेच तर पालथे पडा, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफा आणि चेहरा जमिनीला लावा. त्याचे घाव बहुधा चेहऱ्यावर आणि डोक्यावर बसतात, म्हणून आधी तेच वाचवायचे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, १०८ ला फोन करा आणि रेबीजची लस घ्याच.

गव्याचे वेगळे. कळप बहुधा आपणहून सरकतो, एकटा नर मात्र तसाच उभा राहतो. तो आडवा उभा राहून पूर्ण अंग दाखवतो, फुरफुरतो किंवा मान खाली घालतो, म्हणजे तो इशारा देतो आहे. त्याचे वजन हजार किलोच्या घरात असू शकते. तुम्ही झाड किंवा गडगा (दगडी बांध) मध्ये ठेवून बाजूला व्हा आणि त्याची परतीची वाट मोकळी ठेवा. कुळागरात शिरलेल्या गव्यावर फटाके उडवले आणि बाहेर पडायला फट नसेल, तर तो पोफळीची रोपे तुडवत कुंपण मोडूनच जातो. म्हणून रानाच्या बाजूला तीन मीटरचे एक फाटक ठेवा आणि ते उघडून मगच आवाज करा. मोबाईलवर चित्रीकरणासाठी गर्दी जमू देऊ नका, अपघात तिथेच होतात.

आता झटक्याच्या तारेचे कुंपण. सौर झटका मशीन या तारेत सेकंदाला साधारण एक, अगदी क्षणभराचा झटका देते, त्याने जीव जात नाही. घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात शेजाऱ्याचे मूलही मरू शकते. अडीच मिलीमीटरची जस्त चढवलेली तार घ्या, खांब पाच मीटरवर. तारा जमिनीपासून २५, ५५, १०० आणि १५० सेंटीमीटरवर. सगळ्यात खालची रानडुकरासाठी, दुसरी अस्वलाच्या नाकासाठी, वरच्या दोन गव्यासाठी. अस्वलाचे केस दाट असतात, झटका नाकालाच बसायला हवा.

गोव्यात हे कुंपण फसते ते बहुतेक अर्थिंगमुळे. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) जमीन एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडी होते आणि त्यातून विजेची वाट पुरी होत नाही. दोन मीटरच्या तीन सळ्या, एकमेकींपासून तीन मीटरवर, पाटाच्या कडेच्या ओल्या मातीत ठोका आणि घराच्या अर्थिंगपासून किमान दहा मीटर दूर ठेवा. कुंपणाचे व्होल्ट मोजणारा टेस्टर झटका मशीनपासून सगळ्यात लांबच्या टोकाला लावा, पाच हजार व्होल्टच्या खाली आकडा नको. कमी आला तर सळ्यांपाशी दोन घागरी पाणी ओतून पुन्हा बघा. आकडा चढला तर दोष अर्थिंगचा. नाही चढला तर तारेला काहीतरी टेकले आहे. पावसाळ्यात ते गवतच असते, तेव्हा पंधरा दिवसांनी तारेखालची पट्टी साफ करावी लागते.

विहिरीला चार-साडेचार फुटांचा पक्का कठडा बांधा, उघड्या विहिरीत गवे पडतात. कुत्रा रात्री बांधून ठेवा, अस्वलावर भुंकत गेलेला कुत्रा घाबरून मालकाकडेच पळत येतो आणि मागून अस्वल. गुरांना लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर द्या, तो रोग गव्यांनाही होतो. नुकसान झाल्यास मोडलेली रोपे उचलण्याआधी फोटो काढा, ठसे टोपलीखाली झाकून ठेवा आणि लगेच वन खात्याला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय जागेला हात लावू नका.