जुना डेस्कटॉप काढून टाकण्याआधी झाकण उघडून बघा

डेस्कटॉप रखडतोय म्हणून लगेच नवा घ्यायची घाई नको. आधी बाजूचं झाकण काढा. आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. तिच्या जागी साटा एसएसडी (साटा या नेहमीच्या पोर्टला जोडायची, फिरणारे भाग नसलेली डिस्क) लावली, की सेकंदाला दीडेकशे मेगाबाइटचा वेग ५५० च्या आसपास जातो. जुनी डिस्क फोटो-व्हिडिओंसाठी आतच राहू द्या. मोकळं साटा पोर्ट आणि पॉवरची वायर आहे ना, एवढं बघा.

मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (चपटी एसएसडी बसवायची खाच) दिसला म्हणून एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी, मागवून मोकळे होऊ नका. काही स्लॉट फक्त साटा चालवतात, तर काही बोर्डांवर तो भरला की एखादं साटा पोर्ट बंद पडतं. मॅन्युअल कंटाळवाणं असतं, पण वाचाच. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क असेल तर डिस्कची विभागणी नोंदवायची जीपीटी ही पद्धत निवडा, एमबीआर या जुन्या पद्धतीत २ टीबीच्या वरची जागा वापरताच येत नाही.

प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा असेल, तर मात्र मी त्यावर फार खर्च करणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अशा बहुतेक मशीनना अधिकृतपणे घेत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली तुम्हाला चालत असेल तर गोष्ट वेगळी.