परदेशातल्या अतिरेकी गटावर सैन्य पाठवावं का? मत ठरवण्याआधीचा गृहपाठ

वादविवाद स्पर्धांसाठी मी मुलांची तयारी करून घेते. हा विषय दर काही वर्षांनी फिरून येतो. गटाचं नाव बदलतं, ठराव तोच. अनुकूल बाजू ‘ठेचून काढा’ म्हणते, प्रतिकूल बाजू ‘युद्धानं प्रश्न सुटत नाहीत’ म्हणते आणि परीक्षक घड्याळाकडे बघत बसतात. म्हणून भाषण लिहायच्या आधी मी जो गृहपाठ करून घेते तो इथे मांडते. भाषण करायचं नसेल, नुसतं बातम्या बघून स्वतःचं मत ठरवायचं असेल, तरी तो चालेल.

आधी एक करा. गट किती क्रूर आहे हे सांगणं थांबवा. ते सगळ्यांना मान्यच असतं आणि सैन्य पाठवायचं की नाही हे त्यावरून ठरत नाही. त्यापेक्षा नकाशा उघडा आणि बघा, या गटाच्या ताब्यात जमीन आहे का? इराक आणि सीरियात पसरलेल्या ‘इसिस’ या अतिरेकी संघटनेनं जून २०१४ मध्ये इराकचं मोसुल शहर घेतलं. तिच्या हातात शहरं आली, तेलविहिरी आल्या, करवसुली सुरू झाली. अशा गटाची ठाणी असतात, रसद असते, ताफे रस्त्यावरून जातात. फौजेला मारा करायला समोर काहीतरी असतं. भाड्याच्या खोल्यांत विखुरलेल्या, बनावट कागदपत्रांवर फिरणाऱ्या माणसांपुढे रणगाडा काय करणार? ते काम पोलिसांचं, गुप्तचरांचं आणि बँकेतले व्यवहार तपासणाऱ्यांचं. रँड या अमेरिकी संस्थेनं १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ दहशतवादी गटांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. जे गट संपले त्यांतले सुमारे ४३ टक्के राजकारणाच्या वाटेला लागल्यामुळे संपले, ४० टक्के पोलीस आणि गुप्तचरांच्या कारवाईमुळे. लष्करी बळानं संपलेले ७ टक्के. प्रतिकूल बाजूला हा आकडा फार आवडतो, पण त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की मोठ्या, शस्त्रसज्ज, बंडखोर फौजेसारख्या गटांवर लष्कर त्यातल्या त्यात जास्त परिणामकारक ठरतं. आकडा घ्यायचा तर पूर्ण घ्यावा.

मग विचारा, बोलावलं कोणी? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) दुसऱ्या देशावर बळ वापरायला मनाई करतं. वाटा तीनच: त्या देशाच्या सरकारचं निमंत्रण, सुरक्षा परिषदेची परवानगी किंवा कलम ५१ खालचा स्वसंरक्षणाचा हक्क. २०१४ मध्ये इराकनं इसिसविरुद्ध पत्र लिहून मदत मागितली, त्यामुळे इराकपुरता प्रश्न मिटला. सीरियानं मागितली नव्हती. तिथे अमेरिकेनं ‘ते सरकार गटाला आवरू शकत नाही किंवा आवरत नाही’ असा युक्तिवाद केला. तो सगळ्या देशांना मान्य नाही, आणि मान्य करायचा तर उद्या तो आपल्याविरुद्धही कोणी वापरेल हे धरून चाला. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवू नका. मुलं कलमांत रमतात आणि पुढच्या प्रश्नाला वेळच उरत नाही.

पुढचा प्रश्न हा: काम काय, ते एका वाक्यात लिहा. वाक्यात ‘आणि’ आला की थांबा.

यासाठी दोन मोहिमा शेजारीशेजारी ठेवून बघते, कारण सैन्य पाठवणारा देश एक, भारत, सरकार एक आणि काळही जवळपास एकच. ३ नोव्हेंबर १९८८ ला श्रीलंकेतल्या ‘प्लोट’ या तमिळ गटाचे भाडोत्री हल्लेखोर मालदीवच्या राजधानीत उतरले आणि सत्ता उलथवायला निघाले. राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली. त्याच रात्री भारताचे छत्रीधारी सैनिक आग्र्याहून उडून हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरले. पळून जाणारं जहाज नौदलानं समुद्रात गाठलं. काम होतं उठाव मोडायचं. उठाव मोडला, बहुतेक सैनिक परतले.

त्याआधी वर्षभर, जुलै १९८७ च्या करारानंतर, भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली होती. तिचं काम काय? तमिळ गटांची शस्त्रं जमा करायची आणि शांतता राखायची आणि प्रांतिक स्वायत्ततेचा करार अमलात आणायचा. ऑक्टोबर उजाडेपर्यंत ती जाफन्याच्या गल्ल्यांत त्यांतल्याच ‘एलटीटीई’ या गटाशी लढत होती. कोलंबोत सरकार बदललं. नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी सैन्य परत न्या म्हणून तगादा लावला, आणि शांतिसेना ज्यांच्याशी लढत होती त्यांनाच त्यांच्या सरकारनं शस्त्रं दिली. शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परतली. तोवर ११०० हून अधिक भारतीय जवान गेले होते. एका बाजूला एक काम, दुसऱ्या बाजूला तीन. शिवाय ज्याच्यासाठी लढायचं तो यजमान मध्येच बदलला.

यजमान हाच माझ्या लेखी कळीचा मुद्दा. जिंकलेली जमीन कोणाच्या हाती द्यायची? नाव सांगता आलं पाहिजे, आणि त्या नावाची कागदावरची नव्हे, खरी ताकद तपासली पाहिजे. मोसुलमध्ये इराकी फौज हल्लेखोरांच्या कितीतरी पट होती, तरी ती पळाली. काही महिन्यांनी पंतप्रधान अबादी यांनी संसदेत सांगितलं की पगारपत्रकावर ५०,००० सैनिक असे आहेत जे अस्तित्वातच नाहीत. पगार निघत होता, माणूस नव्हता. याच्या उलट सीरियातलं कोबानी. तिथे कुर्दी लढवय्ये घराघरातून झुंजत होते म्हणून वरून पडणाऱ्या अमेरिकी बॉम्बचा उपयोग झाला. जानेवारी २०१५ मध्ये शहर सुटलं.

पश्चिम आफ्रिकेतला माली हे तिसरं उदाहरण, आणि सगळ्यात उद्बोधक. जानेवारी २०१३ मध्ये हंगामी सरकारच्या विनंतीवरून फ्रान्स उतरला आणि काही आठवड्यांत गाओ, टिंबक्टू ही शहरं अतिरेकी गटांच्या हातून सोडवली. फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद यांचं जंगी स्वागत झालं, त्यांना उंटाचं पिल्लू भेट मिळालं. (ते ज्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलं त्यांनी कापून खाल्लं. मुलांना एवढं मात्र पक्कं लक्षात राहतं.) पण जमीन ज्या सरकारच्या हाती दिली ते उत्तरेत नीट पोचलंच नाही. २०२० आणि २०२१ मध्ये लष्करानं सत्ता घेतली, लोकांचा राग फ्रान्सवर वळला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये शेवटचा फ्रेंच सैनिक माली सोडून गेला. गट तिथेच होते, पसरले होते.

आता किंमत. ‘अपरिहार्य हानी’ असा शब्द भाषणात आला की मी एक घटना वाचायला देते. १७ मार्च २०१७, पश्चिम मोसुलमधली जदीदा वस्ती. एका इमारतीच्या छतावर इसिसचे दोन नेमबाज होते. त्यांच्यासाठी एक बॉम्ब टाकला गेला. खाली आसरा घेतलेली कुटुंबं होती. इमारत कोसळली. अमेरिकेच्या स्वतःच्या चौकशीनं १०५ नागरिक मेल्याचं मान्य केलं. आत इसिसनं ठेवलेली स्फोटकंही फुटली असं तिचं म्हणणं. नियम पाळून, नेम धरून टाकलेला हा बॉम्ब होता. तुमच्या बाजूला हे गृहीत धरून बोलता येतं का, बघा.

प्रतिकूल बाजूला मी उत्तर इराकमधलं सिंजार देते. ऑगस्ट २०१४ मध्ये इसिसनं यझिदी या अल्पसंख्य धर्माच्या लोकांची गावं घेतली, पुरुषांना मारलं, बायका-मुली विकल्या. हजारो लोक डोंगरावर अन्नपाण्यावाचून अडकले. विमानांनी पाणी टाकलं, बॉम्ब टाकले आणि कुर्दी लढवय्यांनी खालून वाट काढली म्हणून ते निसटले. ‘संवादातून मार्ग’ हे वाक्य तिथे कोणाला उद्देशून म्हणणार?

माझं मत विचाराल तर, गटाच्या ताब्यात जमीन असेल, कत्तल चालू असेल आणि जमिनीवर उभं राहणारं कोणी स्थानिक असेल, तर जावं. विमानं, माहिती, प्रशिक्षण घेऊन जावं. तिसरी अट पुरी होत नसेल तर माणसं सुटका करून आणण्यापुरतंच जावं. सूड म्हणून तर मुळीच नको, निवडणूक तोंडावर असताना तर त्याहून नको.

जायचं ठरलं तर ठरावाची भाषा वाचा. अमेरिकी काँग्रेसनं सप्टेंबर २००१ मध्ये सैन्य वापरायचा जो अधिकार दिला त्यात ना मुदत होती, ना देशाचं नाव, ना गटाचं. विरोधात एकच मत पडलं, खासदार बार्बरा ली यांचं. तेरा वर्षांनी इसिसवरच्या हल्ल्यांना तोच कागद दाखवला गेला. ब्रिटिश संसदेनं सप्टेंबर २०१४ मध्ये फक्त इराकपुरती परवानगी दिली. सीरियासाठी सरकारला डिसेंबर २०१५ मध्ये पुन्हा येऊन दिवसभर उत्तरं द्यावी लागली, मग ३९७ विरुद्ध २२३ नं ठराव मंजूर झाला. तुमच्या ठरावात देश, गट आणि तारीख या तीन जागा रिकाम्या असतील, तर अनुकूल बाजूनं बोलायच्या आधी त्या भरून घ्या.