स्कूटरचा प्लग घरी बदलताना: आधी हात, मग पाना

प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग. तो बदलायचा तर गाडी गार हवी, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये गार गाडी फक्त सकाळी लवकर मिळते. पारा 43-44 वर गेला की सावलीत लावलेल्या गाडीचं लोखंडही हाताला चटका देतं. पण प्रश्न आपल्या हाताचा नाही, हेडचा, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या सिलिंडरच्या वरच्या भागाचा आहे. स्कूटरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, प्लगची बॉडी पोलादी. गाडी आत्ताच अक्कलकोट रोडवरून तापून आलेली आणि तुम्ही तसाच पाना लावलात, तर हेडमधले आटे प्लगबरोबर बाहेर यायची भीती असते. आटे गेले की शे-दीडशे रुपयांचं काम लेथवाल्यापर्यंत जातं: हेड उतरवा, भोक मोठं करा, आत नवे आटे बसवून घ्या.

मी पूर्व भागात राहते, शाळेचे युनिफॉर्म शिवून देते. मेच्या मध्यापासून स्कूटरवर गठ्ठे बांधून अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ, परत घर. लांबचं कुठेच नाही. अशा दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्या प्लगला सगळ्यात वाईट. प्लगचं टोक साधारण 450-500 अंशांवर गेलं तरच त्यावरची काजळी जळून साफ होते. इंजिन पुरतं तापायच्या आत आपण गाडी बंद करतो, त्यामुळे काजळी साठत जाते. मग सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, पिकअपला गाडी मिसिंग करते म्हणजे अडखळते, पेट्रोल जास्त पिते असं वाटायला लागतं. बॅटरी उतरली असेल किंवा एअर फिल्टर चोंदला असेल तरी हीच लक्षणं दिसतात, म्हणून प्लग काढून बघितल्याशिवाय नवा आणायची घाई नको.

आणताना गाडीचं नाव सांगून प्लग मागू नका, जुन्या प्लगवरचा नंबर सांगा. गाडीच्या पुस्तकातही तो असतो. एकाच नावाची गाडी दर काही वर्षांनी आतून बदलते आणि प्लगही बदलतो. एनजीके कंपनीच्या सीपीआर7ईए-9 या नंबरचं उदाहरण घ्या. सी म्हणजे आटे 10 मिलिमीटरचे. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे; गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला ठिणगीचा त्रास होऊ नये म्हणून तो लागतो. 7 हा प्लग किती गरम किंवा थंड चालतो त्याचा आकडा. ई म्हणजे आट्यांची लांबी 19 मिलिमीटर आणि शेवटचा 9 म्हणजे गॅप, ठिणगी उडते ती दोन टोकांमधली फट, 0.9 मिलिमीटर. ई-च्या जागी एच असेल तर लांबी 12.7. आखूड आट्यांच्या हेडमध्ये लांब प्लग घातला तर तो पिस्टनला लागू शकतो, त्यामुळे "अक्का, एकच असतंय की, बसतंय सगळ्याला" असं दुकानातलं पोरगं म्हणालं तर हसून नंबर परत वाचून दाखवायचा. आणखी एक गोम: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. म्हणून कंपनी बदलून नुसता आकडा जुळवला तर उलटंच व्हायचं.

हत्यारं थोडीच लागतात. 10 मिलिमीटर आट्यांच्या या प्लगला 16 नंबरचा प्लग पाना आणि त्याची टॉमी, म्हणजे पाना फिरवायचा आडवा दांडा. बहुतेक गाडीबरोबर आलेल्या पिशवीत दोन्ही असतात. आमच्या शेजारच्या काकांच्या जुन्या चेतकला 14 मिलिमीटरचा प्लग आहे, त्याला 21 चा पाना. शिवाय स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्या), सायकलचा पंप, जुनं बनियन. बनियनच. घरात टॉवेलचे तुकडे ढिगाने पडलेले असतात, सोलापूरच आहे, पण टॉवेलचे धागे सुटतात आणि प्लगच्या भोकापाशी सुटा धागा नको.

गाडी डबल स्टँडवर, चावी काढलेली. माझ्या स्कूटरला सीटखाली पुढच्या बाजूला, फूटबोर्डला लागून एक छोटं झाकण आहे. स्क्रू काढला की आत प्लगची कॅप दिसते. काही गाड्यांना डिकीचा डबा उचलावा लागतो. कॅप धरून, थोडी फिरवत सरळ ओढायची. वायर धरून कधीच नाही, वायर आतून तुटली तर वरून कळतही नाही.

आता पाना लावायच्या आधी पंपाने प्लगच्या बुडाशी भरपूर हवा मारा. आमच्याकडे ही पायरी टाळून चालतच नाही. आजूबाजूला माग चालतात, कापसाची तूस हवेत असते, स्कूटरचा कूलिंगचा पंखा ती ओढून घेतो आणि धूळ-तेलाबरोबर प्लगभोवती त्याची वाकळ तयार होते. प्लग निघाला की ती घाण थेट सिलिंडरमध्ये. पाना सरळ बसवून डावीकडे फिरवा. फारच घट्ट असेल तर टॉमीवर पाय देऊ नका. आट्यांपाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून तासभर थांबा. निघाला की भोकावर लगेच बनियन टाका.

जुना प्लग लगेच टाकून देऊ नका, उजेडात नेऊन नीट बघा. मेकॅनिक गाडी न उघडता अर्धं निदान यावरूनच करतो. टोक फिक्कट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिनाचं ठीक चाललंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. आमच्या धुळीत बहुतेक वेळा एअर फिल्टर चोंदलेला निघतो. तो तेलकट कागदी असेल तर धुवायचा नाही, हवाही मारायची नाही, सरळ बदलायचा. काळं पण ओलं, तेलकट, बोटाला चिकटणारं असेल तर ऑइल वर येतंय. पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील बघावे लागतील, नव्या प्लगने फक्त काही दिवस निघतील. पांढरं, फोड आल्यासारखं टोक सगळ्यात काळजीचं. इंजिन जास्त तापतंय, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा कुणीतरी चुकीच्या आकड्याचा प्लग घातलाय. आणि नुसताच पेट्रोलने भिजलेला असेल तर गाडी ओव्हर झाली, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त गेलं, किंवा ठिणगीच पडत नाही.

ठिणगी बघायला प्लग कॅपमध्ये घालून इंजिनला टेकवायचा आणि किक मारायची, हा जुना रिवाज आहे. मी तो करत नाही. हजारो व्होल्टचा झटका असतो, शेजारच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, आणि 2020 नंतरच्या बीएस6 गाड्यांमध्ये प्लग नीट न टेकल्यास इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.

नव्या प्लगचा गॅप डब्यातून निघतो तसाच बरोबर असेल असं धरू नका, फीलर गेज घालून बघा. 0.8 ते 0.9 पुष्कळ स्कूटरना चालतो, पण आपल्या पुस्तकातला आकडा खरा. पाती किंचित अडकत सरकली पाहिजे. कमी-जास्त असेल तर फक्त बाहेरची आकडी हलकेच वाकवा, मधल्या टोकाला टेकू देऊन नाही. इरिडियम प्लगचं मधलं टोक तर सुईसारखं बारीक असतं, त्याला पॉलिश पेपरही लावायचा नाही. प्लग फरशीवर पडला तर वापरू नका. आतल्या पांढऱ्या चिनीमातीला गेलेली चीर दिसत नाही.

बसवताना पाना बाजूला. हाताने, आणि हात पोचत नसेल तर प्लग नुसत्या पान्याच्या नळीत धरून, टॉमी न लावता. आधी अर्धा फेरा उलटा, डावीकडे फिरवा; आट्याला आटा बसल्याचा 'टक्' बोटांना कळतो, मग उजवीकडे. शिलाई मशीनच्या बॉबिन केसचा स्क्रू ज्याने बसवलाय त्याला ही बोटं आधीच शिकवलेली असतात. शेवटपर्यंत बोटांच्या जोराने गेला पाहिजे. मध्येच जड लागला तर तिरका चाललाय, उलटा काढून पुन्हा सुरुवात. आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीसमुळे पाना हलका फिरतो आणि आपण नकळत जास्त आवळतो.

वायसर टेकला की आता टॉमी घाला आणि नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा द्या. जुनाच परत बसवत असाल तर वायसर आधीच चेपलेला असतो, एक अष्टमांश फेरा पुरे. कॅप 'कट' आवाज येईपर्यंत दाबा.

गाडी चालू करून पाच मिनिटं सोडा, मग होटगी रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर एक सलग फेरी मारा. महिन्याभराने गार गाडीवर प्लग परत काढून बघा. पुन्हा काळाच निघाला तर तिसरा प्लग विकत घेऊ नका, फिल्टर बदला आणि तरी काळा येत असेल तर कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शन दाखवायला गाडी मेकॅनिककडे न्या, दोन्ही प्लग बरोबर घेऊन.