अमेरिकेत पीओ बॉक्स घेताय? या चुका टाळा

इथे नवीन आलेल्या आपल्या मुलामुलींचे पीओ बॉक्सबद्दलचे, म्हणजे पोस्टात भाड्याने मिळणाऱ्या टपालाच्या कप्प्याबद्दलचे, तेच ते प्रश्न सारखे येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते. बॉक्स घेणं चांगलंच आहे. दरवर्षी लीज बदलते, रूममेट बदलतात, बिल्डिंगच्या लॉबीतून खोकी गायब होतात, आणि या सगळ्यात निदान टपालाचा पत्ता तरी एक राहतो, म्हणून मी स्वतःच लोकांना सांगते की घ्या. पण घेताना जी घाई करतात ती बघवत नाही. ऑनलाइन पैसे भरले, नंबर मिळाला, लगेच तो नंबर बँकेपासून पुण्याच्या आत्यापर्यंत सगळ्यांना वाटून मोकळे.

सगळ्यात मोठी चूक हीच. पीओ बॉक्स युएसपीएसचा, म्हणजे इथल्या सरकारी पोस्टाचा असतो. त्यात फक्त पोस्टाने आलेलं टपाल पडतं. यूपीएस, फेडेक्स, डीएचएल यांची माणसं तुमच्या साध्या पीओ बॉक्सवर माल आणून देऊ शकत नाहीत.

माझ्या नणंदेच्या मुलाचं काय झालं ते सांगते. तो ओहायोत शिकायला होता, बॉक्स घेतला होता, खूश होता. नणंदेने पुण्याहून एका कुरिअरवाल्याकडून खोकं पाठवलं, त्यात दिवाळीचा फराळ, स्वेटर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विद्यापीठाकडून खेटे घालून मिळवलेली सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांची अधिकृत प्रत. दुकानातल्या माणसाने कागदावर जो पत्ता होता तो तसाच टाइप केला, पीओ बॉक्स अमुक अमुक, आणि फोनच्या रकान्यात याचा जुना भारतातला नंबर, जो केव्हाच बंद झाला होता. खोकं अमेरिकेत वेळेवर पोचलं, मग पत्त्यावर देता येत नाही म्हणून अडकलं, कंपनीने फोन केला तो त्या बंद नंबरवर, आणि शेवटी माल परत भारतात गेला. हा इकडे रोज पोस्टात जाऊन कप्पा उघडून बघतोय. मला फोन आला तो "मामी, पोस्टवाले काहीच सांगत नाहीत हो" असा. पोस्टवाले काय सांगणार, त्यांच्याकडे ते खोकं कधी आलंच नव्हतं! ट्रॅकिंगच्या पावतीचा फोटो आईने व्हॉट्सअॅपवर पहिल्याच दिवशी पाठवला होता, याने तो उघडून नंबर टाकून बघितला असता तरी वेळेत कळलं असतं. फराळाचं दुःख नाही एवढं, पण ट्रान्सक्रिप्टसाठी नणंदेला पुन्हा विद्यापीठाच्या खिडकीवर उभं राहावं लागलं आणि त्याची अर्जाची तारीख हुकली. ज्याने ती खिडकी बघितली आहे त्याला मी वेगळं सांगायला नको.

म्हणून माझी सवय अशी आहे की कोणी पत्ता मागितला की आधी विचारते, पाठवणार कशाने? पोस्टाने असेल तर बॉक्स नंबर, कुरिअरने असेल तर घराचा पत्ता आणि इथला चालू फोन. भारतातून स्पीड पोस्टने पाठवलेलं इथे युएसपीएसच्याच हातात येतं, त्यामुळे ते बॉक्सच्या पत्त्यावर चालतं. मोठं असेल किंवा सही लागणार असेल तर कप्प्यात चिठ्ठी ठेवतात आणि काउंटरवरून घ्यावं लागतं. कधी कधी कप्प्यात एक वेगळी किल्ली सापडते, ती तिथल्याच पार्सल लॉकरची असते, घाबरू नका, उघडा आणि खोकं घ्या. इथल्या ऑनलाइन दुकानांचंही तेच, माल कोण आणणार हे ऑर्डर करताना कळत नसेल तर बॉक्स देऊ नका.

यावर एक सोय आहे, तिला स्ट्रीट अॅड्रेसिंग म्हणतात. काही पोस्ट ऑफिसं तुम्हाला त्यांच्या इमारतीचा रस्त्याचा पत्ता वापरू देतात, पुढे हॅशचं चिन्ह आणि तुमचा बॉक्स नंबर. मग खासगी कुरिअरचा मालही पोस्ट तुमच्या वतीने घेतं, ७० पौंडांपर्यंत, आणि लांबी अधिक घेर मिळून १३० इंचांपर्यंत. पण हे सगळ्या ऑफिसांत नाही आणि त्यासाठी वेगळ्या कागदावर सही करावी लागते. मित्राला मिळालंय म्हणून आपणही गूगलवरून पोस्टाचा पत्ता शोधून पुढे नंबर चिकटवायचा, हा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही. काउंटरवर जा, विचारा, सही करा. काय पाच-दहा मिनिटं जातील ती जाऊ देत.

आता कागदपत्रं. ऑनलाइन बुक केलं तरी किल्ल्या घ्यायला स्वतः जावं लागतं, फॉर्म १०९३, म्हणजे बॉक्सचा अर्ज, आणि दोन ओळखपत्रं घेऊन. एक फोटोचं, दुसरं तुमचा राहता पत्ता दाखवणारं, म्हणजे लीज, गाडीचं रजिस्ट्रेशन, गाडीच्या विम्याची पॉलिसी असं काहीतरी. क्रेडिट कार्ड आणि सोशल सिक्युरिटी कार्ड चालत नाही. विद्यार्थी इथे अडकतात कारण लीज एकाच्या नावावर आणि राहतात चौघं. लीजवर आपलं नाव घालून घ्या, ते इतरही ठिकाणी लागतंच.

त्याच फॉर्मवर कुणाकुणाचं टपाल त्या बॉक्सला येणार ती नावं लिहायची असतात. नवरा एकटा जाऊन बॉक्स घेतो, बायकोचं नाव लिहीतच नाही, आणि तिचं टपाल परत जातं. बायकोची काही कागदपत्रं माहेरच्या नावाने आणि काही सासरच्या नावाने असतील तर दोन्ही लिहा. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावच नाही म्हणून व्हिसावर नावाच्या जागी एफएनयू, म्हणजे "फर्स्ट नेम अननोन", आलंय त्यांनी तेही काउंटरवर दाखवून विचारून घ्या.

झिप कोड, म्हणजे इथला पिनकोड, घराचा लिहू नका. बऱ्याच गावांत बॉक्सचा झिप वेगळा असतो. प्रिन्स्टनमध्ये घरांना ०८५४० आणि पीओ बॉक्सला ०८५४३ आहे. आणि घराचा पत्ता, बॉक्स नंबर दोन्ही एकाखाली एक लिहिले तर गाव आणि झिपच्या लगेच वरच्या ओळीत जे असेल तिथे टपाल जातं. मी म्हणते दोन्ही लिहायचेच कशाला.

साइज पाच प्रकारचे आहेत. सगळ्यात लहान घेतात पैसे वाचवायला, महिन्यातून एकदा उघडतात, तोवर जाहिरातींनी भरून वाहतो. वीस कामाच्या दिवसांत बारा दिवस टपाल कप्प्यात मावलं नाही तर पोस्ट तुम्हाला मोठा घ्या म्हणून सांगू शकतं. आठवड्यातून दोनदा तरी जा. आणि जाताना लॉबी कधी उघडी आणि काउंटर कधी उघडा हे वेगवेगळं बघा, बॉक्सची लॉबी रात्री उघडी असली तरी पार्सल द्यायला रात्री कोणी बसलेलं नसतं.

आता ज्या चुकीचा मला खरंच त्रास होतो ती. आमच्या ओळखीतलं एक जोडपं न्यू जर्सीहून टेक्सासला गेलं. जाताना बॉक्स बंद केला, पोस्टात पत्ताबदलाचा फॉर्म भरला, आणि आता सगळं मागून येईल म्हणून निर्धास्त. बिलं आली, मासिकं आली. तिचं वर्क परमिटचं कार्ड मात्र आलं नाही. इमिग्रेशनची कार्डं पोस्ट पुढे पाठवत नाही, पत्ता जुना निघाला की ती सरळ खात्याकडे परत जातात. पोस्टाला पत्ता कळवला म्हणजे युएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशन खात्याला, कळला असं होत नाही, ते स्वतंत्र कळवावं लागतं. तिला जुन्या परवान्याची मुदत संपल्यावर कामावरून घरी बसावं लागलं, ऑनलाइन विनंत्या, फोन, परत वाट बघणं. दोघंही हुशार, सगळे कर वेळेवर भरणारे, आणि एका फॉर्मने एवढा मनस्ताप.

घर बदललं की १० दिवसांच्या आत एआर-११, म्हणजे इमिग्रेशन खात्याचा पत्ताबदलाचा फॉर्म, भरायचा असतो, तो ऑनलाइन होतो, आणि त्यात राहता पत्ता द्यावा लागतो, नुसता पीओ बॉक्स नाही. अर्ज चालू असेल तर टपालाचा पत्ता त्या अर्जासाठीही बदलला गेलाय का तेही बघा. मी सगळ्यांना सांगते, ट्रकमधून सामान उतरलं की आधी हे करा. कार्ड यायच्या बेतात असेल तर बॉक्स बंदच करू नका, अजून एक मुदत भरा. काही डॉलर जातील, नोकरी जाणार नाही.

राहत्या पत्त्याचीच गोष्ट बँकेची आणि ड्रायव्हिंग लायसन्सची. टपाल बॉक्सला मागवा, पण खातं उघडताना खरा रस्त्याचा पत्ता द्यावाच लागतो. तिथे बॉक्स लिहून हुज्जत घालू नका.

काही जण पोस्टाऐवजी खासगी दुकानातला मेलबॉक्स घेतात. त्याला फॉर्म १५८३, म्हणजे दुकानाला तुमचं टपाल घ्यायची परवानगी देणारा कागद, लागतो आणि तिथे सगळी कुरिअर येतात, ही त्याची मोठी सोय. पत्त्यात मात्र पीएमबी (प्रायव्हेट मेलबॉक्स) किंवा हॅशचं चिन्ह घालायचं असतं, घर वाटावं म्हणून "अपार्टमेंट" लिहिण्याचे उद्योग करू नका. आणि हा मेलबॉक्स सोडल्यावर पोस्ट तुमचा पत्ताबदलाचा फॉर्म घेत नाही. टपाल पुढे पाठवायची जबाबदारी सहा महिने त्या दुकानाची असते आणि खर्च तुमच्याकडून घेऊ शकतात. सोडायच्या आधी दुकानदाराशी बोलून ठेवा, आणि जमेल तेवढ्यांना स्वतःच नवा पत्ता कळवा.

भाडं संपायची तारीख कॅलेंडरमध्ये घाला. तीन, सहा किंवा बारा महिन्यांचं असतं. तारीख उलटली की बॉक्स बंद करतात आणि टपाल पाठवणाऱ्याकडे परत जातं, मग "मी भारतात होतो" हे तिथे कोणी ऐकत नाही. ऑटोपे लावला असेल तर कार्डची मुदत बघा. महिन्याहून जास्त गावाला जायचं असेल तर आधी काउंटरवर सांगून जा. सोडताना किल्ल्या परत करा, डिपॉझिट दिलं असेल तर मागून घ्या, आणि बाहेरच्या दुकानातून डुप्लिकेट किल्ली करून आणू नका, जास्तीची हवी असेल तर पोस्टच देतं.