व्हेनर्न सरोवराबद्दल वाचताना या चुका टाळा

जलविद्युत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोयनेचा शिवसागर येतो, आणि मग स्वीडनच्या व्हेनर्नलाही आपण ‘धरणाचा जलाशय’ म्हणून मोकळे होतो. शिवसागर धरणामुळे झाला. व्हेनर्न हे हिमयुगानंतर उरलेलं नैसर्गिक सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ५,६५० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दीडपट. माणसाने हात घातला तो फक्त पाणी बाहेर पडतं तिथे. नैऋत्य टोकाजवळ व्हार्यॉनला दरवाजे आहेत आणि किती पाणी सोडायचं ते १९३७ च्या न्यायालयीन निवाड्यापासून ठरवून दिलेलं आहे.

‘पूर आला तर दरवाजे उघडायचे, त्यात काय!’ ही चूक जास्त महागात पडणारी. जरा हिशेब करून बघा. एवढ्या पसाऱ्यावरचं एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेपाच कोटी घनमीटरहून जास्त. ते बाहेर नेणारी नदी, यॉता एल्व्ह, सेकंदाला जास्तीत जास्त हजारेक घनमीटर वाहून नेते. वरून थेंबभर पाणी आलं नाही असं धरलं तरी तो एक सेंटिमीटर उतरायला पंधरा-सोळा तास लागतात! २००० च्या शरद ऋतूत पाऊस लागून राहिला आणि जानेवारी २००१ मध्ये पातळी नियमन सुरू झाल्यापासूनच्या उच्चांकावर गेली. मग जास्त का सोडत नाहीत? कारण नदीचे काठ चिकणमातीचे आहेत. १९५० मध्ये सुर्ते आणि १९५७ मध्ये यॉता गावाजवळचा काठ घसरला होता. वर सरोवर तुंबलेलं, खाली दरडींची भीती, अशी ही कात्री आहे.

वीज काढतात म्हणजे पाणी भरपूर खालीवर होत असणार, हेही गृहीत धरू नका. नॉर्वेच्या र्‍योसव्हात्नेत या सरोवरात हा फरक बारा मीटरपर्यंत जातो. व्हेनर्नचं दुखणं उलटं आहे. पुराचा धोका कमी करायला २००८ पासून पाणी सोडण्याची पद्धत बदलली आणि पातळी आणखी स्थिर झाली. काठ नि खडकाळ बेटं धुऊन निघेनाशी झाली, तिथे बोरू, झुडपं माजली. उघड्या खडकांवर अंडी घालणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा गेली.

नावांचं थोडक्यात: ‘गोटा’ नव्हे, यॉता. आणि एल्व्ह म्हणजेच नदी, त्यामुळे ‘यॉता एल्व्ह नदी’ हे विंध्याचल पर्वतासारखं झालं.

दोन ठिकाणी वाचलेली पातळी जुळत नसेल तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. स्वीडनमध्ये उंची मोजण्याची १९०० ची जुनी आणि २००० ची नवी अशा दोन पद्धती सापडतात; हिमभार उतरल्यापासून तिथली जमीन अजून वर येते आहे, म्हणून एकाच पाण्याचे दोन आकडे निघतात. आधी पद्धत कोणती ते पाहा. पद्धत एकच निघाली, तर वाऱ्याची दिशा पाहा, कारण जोराचा वारा पाणी एका काठाला लोटतो.