कोर्सच्या फीचा दावा असा मंजूर झाला

मी स्वतंत्र व्यवसाय करते. आयकर विवरणपत्रात कोर्सची फी खर्चात दाखवली, तर कर खात्याचं खुलासा मागणारं पत्र आलं. नुसती पावती पुरत नाही. बऱ्याच देशांत कळीचा प्रश्न एकच असतो: हे शिक्षण सध्याच्या कामाला धार लावणारं आहे, की नव्या व्यवसायात शिरण्यासाठी? पहिलं सहसा मान्य होतं, दुसरं अडतं.

मग अभ्यासक्रमाची प्रत काढली आणि एकेका विषयासमोर त्याच वर्षातल्या माझ्या कामाचं बिल जोडलं. दावा मंजूर झाला तो या जोडणीमुळेच, असं माझं ठाम मत आहे. परीक्षा फी ग्राहकाने भरून दिली होती, ती मी मुळातच धरली नव्हती. दुसऱ्याने सोसलेला खर्च आपला दाखवता येत नाही.

पगारदारांना मात्र अनेक ठिकाणी ही वजावटच नसते. ते आधी तपासा.