बिडाचा तवा मुरवताना

नवा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा कितीही गुळगुळीत दिसला, तरी पहिल्याच दिवशी त्यावर घावन घालण्याची घाई करू नये. कोमट पाण्याने व थोड्या साबणाने तो घासून, फडक्याने पुसून, लगेच मंद आचेवर पूर्ण कोरडा करावा. कारण बिडाला ओल सोसत नाही आणि पाहता पाहता त्यावर तांबूस गंज चढू लागतो. मग शेंगदाण्याचे तेल दोन्ही बाजूंना चोळून, ते चुकूनच लागले असावे असे वाटेपर्यंत कोरड्या फडक्याने पुसून काढावे. बहुतेकांचे इथेच चुकते, कारण जाड थर पक्का न होता चिकटच राहतो. धूर येईपर्यंत तवा तापवला की तेलाचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन काळा, टणक लेप बनतो. तवा निवल्यावर हीच कृती ३-४ वेळा करावी.

रोज घावनांपूर्वी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवावा. करपलेला भाग जाड मीठ आणि नारळाच्या शेंडीने निघतो. बिडाच्या कढईत चिंच-कोकमाचे आंबट पदार्थ शिजवू नयेत, त्याने लेप उतरतो. तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीही ओतू नये. तो तडकला, तर घरी सांधता येत नाही.